मधुमालतीची कुंडी बदलताना

आज फक्त एका कुंडीबद्दल बोलणार आहे. एक कुंडी, एक वेल आणि जूनमधला एक रविवार. (नेहमीप्रमाणे जे बोलले तेच इथे लिहून काढलंय, थोडंफार नीट करून.)

आधी वेलीची ओळख, कारण इथेच माझा पहिला घोळ झाला. तीन वर्षांपूर्वी मी ही ऑनलाइन मागवली ती 'हनीसकल' म्हणून. फोटोत पांढरी-पिवळी फुलं होती. घरी आली वीतभर काडी. यथावकाश ती ग्रिलवर चढली आणि फुलं आली ती लाल-गुलाबी झुपक्यांनी. मी आपली सगळ्यांना ऐटीत हनीसकलच सांगत होते. मागच्या दिवाळीनंतर बाबा कराडहून माझ्याकडे पुण्याला राहायला आले, गॅलरीत गेले आणि म्हणाले, "अगं, ही मधुमालती हाय. आपल्या डेपोच्या कंपाउंडला होती की!"

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांचं बरोबर होतं. मधुमालतीला इंग्रजीत 'चायनीज हनीसकल' असंही म्हणतात, म्हणून हा गोंधळ. पण खरं हनीसकल म्हणजे लोनिसेरा, आणि त्याचं कूळच वेगळं. गंमत म्हणजे रंग बदलायची खोड दोघींना आहे. जपानी हनीसकलची फुलं पांढऱ्याची पिवळी होतात, तर मधुमालतीची संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि मग लाल. मधुमालतीचं जुनं शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कोण? काय?' म्हणजे माझ्यासारखे गोंधळलेले लोक तेव्हाही होते.

नावाला मी एवढं का धरून बसलेय? कारण छाटणी. मधुमालती नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे ती कितीही कापली तरी फुलांचा फार तोटा होत नाही. हनीसकलच्या काही जाती मात्र आदल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. त्या चुकीच्या वेळी कापल्या की वर्षभर नुसती पानं. तेव्हा कात्री हातात घ्यायच्या आधी आपल्या घरात नक्की कोण आहे ते बघून घ्या.

तर बाबा. त्यांना मागच्या वर्षी लकवा येऊन गेला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची पकड गेली. ज्या हाताने आयुष्यभर पाने फिरवले त्या हातात चमचा राहीना. व्यायामासाठी मऊ चेंडू दिला होता दाबायला, तो टीव्हीच्या मागे जाऊन पडला होता. मी दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली, आणि बाबा गॅलरीत खुर्ची टाकून वेलीकडे बघत बसलेले. संध्याकाळी वास सुटला की मला हाक मारायचे. ती हाक सोडली तर दिवसात आमचं फारसं बोलणं होत नव्हतं, खरं सांगायचं तर.

एप्रिलमध्ये वेल बिघडली. सकाळी पाणी घातलं तरी दुपारी बारापर्यंत पानं माना टाकायची. नवी पानं बारकी, खालची पिवळी. मी काय केलं? पाणी वाढवलं. बाबा म्हणाले, "खत कमी पडतंय." मग खतही घातलं. आमच्या कामात एक वाईट सवय असते. सर्व्हर हळू चालला की कारण न बघता आधी मेमरी वाढवून टाकायची. मी वेलीला तेच करत होते.

खरं कारण बाबांनी पकडलं, तेही कानाने. मी पाणी घालत होते आणि ते म्हणाले, "थांब. खाली पडल्याचा आवाज लगेच येतोय बघ." मी मोजलं, तर पाच-सहा सेकंदांत पाणी खालच्या ताटलीत. कुंडीत माती उरलीच नव्हती, नुसती मुळं. पाणी कडेकडेने घसरून खाली येत होतं आणि मधला गोळा कोरडाच राहत होता. कुंडी तिरकी करून बघितलं तर भोकांतून मुळं बाहेर आलेली. तुमच्याकडे कुठल्याही कुंडीत असं होत असेल तर खताची पिशवी बाजूला ठेवा.

पण एप्रिलमध्ये कुंडी बदलायची नव्हती. मुळं कापली की वेलीची पाणी ओढायची ताकद काही दिवस कमी होते, आणि पुण्याच्या त्या उन्हात पानं तर पाणी मागतच राहणार. म्हणून हिरवी जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी दिलं आणि पावसाची वाट बघितली. ते दीड-दोन महिने मला जड गेले. रोज थोडी थोडी मरतेय असंच वाटायचं.

त्या वेळात कुंडी निवडली. माझी १२ इंची होती. मी म्हटलं, एकदाच १८ इंची घेऊ, कटकट मिटेल. मग हिशेब केला. व्यास आणि उंची दोन्ही दीडपट झाल्या की घनफळ १.५ चा घन, म्हणजे जवळजवळ ३.४ पट. एवढ्या मातीतलं पाणी छाटलेली मुळं ओढू शकत नाहीत, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. शिवाय ओल्या मातीचं वजन! १८ इंची कुंडी भरली की ६० किलोच्या पुढे जाते, आणि माझी गॅलरी पाचव्या मजल्यावर आहे. शेवटी १६ इंची घेतली. तीही मला जरा मोठीच वाटत होती, पण मधुमालती खादाड आहे.

माती आणायला सोलापूर रस्त्याने सोरतापवाडीकडे गेलो. तो सगळा पट्टाच नर्सऱ्यांचा. बाबांना गाडीतून तेवढीच चक्कर. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड, असं मिश्रण केलं. नुसती काळी माती कुंडीत घेऊ नका. ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा. आणि कोकोपीटचाही अतिरेक नको.

जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाले आणि रविवार उजाडला. आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी दिलं होतं, म्हणजे गोळा सुटायला सोपं.

आता खरी अडचण. वेल ग्रिलमध्ये विणली गेली होती. मधुमालतीच्या गळून गेलेल्या पानांचे देठ मागे राहतात आणि त्यांचे काटे होतात. त्यांच्या जोरावर ती पकडून चढते. मी एक एक फांदी सोडवायला गेले तर हात ओरबाडले आणि दोन फांद्या मोडल्या. बाबा खुर्चीवरून बघत होते. म्हणाले, "सोडवू नको. काप."

मी म्हटलं, "बाबा, सगळी? दहा फूट आहे ती."

"दोन फूट ठेव."

माझा हात पुढे होईना. खरं म्हणजे मला वेलीची भीती नव्हती. संध्याकाळी बाबा कशाकडे बघत बसणार याची होती. ते मी त्यांना कसं सांगणार? ते म्हणाले, "कशाला घाबरतीस? खाली मुळं कापायची आणि वर एवढा पसारा ठेवायचा, मग त्याला पाणी पोचवायचं कुणी?" मुद्दा चोख होता. कापली. ग्रिल एकदम उघडं पडलं आणि समोरच्या इमारतीतली माणसं दिसायला लागली.

कुंडी आडवी करून चारी बाजूंनी थापट्या मारल्या, तरी निघेना. शेवटी कडेने जुनी सुरी फिरवली तेव्हा गोळा बाहेर आला. हुबेहूब कुंडीचा आकार, आणि खाली जिलबीसारखी गोल गोल फिरलेली मुळं. ही मुळं तशीच नव्या कुंडीत ठेवली तर ती गोल फिरतच राहतात, नव्या मातीत शिरत नाहीत. म्हणून तळाचा इंचभर थर कापून टाकायचा, कडेने तीन-चार उभे छेद द्यायचे आणि बाहेरची मुळं बोटांनी मोकळी करायची.

मी छेद दिले आणि कात्री धुवायला आत गेले. बाहेर आले तर बाबा स्टुलावर बसून वर्तमानपत्रावरचा गोळा मोकळा करत होते. डावा हात गोळ्यावर, आणि उजव्या हाताची बोटं मुळांत. हळू, एक एक मूळ. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी हात काढून घेतला असता. मी माती कालवत बसले. तासभर गेला असेल.

एक छोटं भांडणही झालं. बाबांना तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर हवा होता, निचऱ्यासाठी. मी वाचलं होतं की त्याचा उपयोग होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही, मातीतच अडून राहतं, म्हणजे ओला भाग उलट मुळांजवळ येतो. आणि मातीची जागा जाते ती वेगळीच. तडजोड म्हणून प्रत्येक भोकावर एक एक खापरीचा तुकडा पालथा ठेवला, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाबा अजूनही म्हणतात थर हवा होता.

बाकी काम सोपं. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवायचं, कुंडीचा काठ दोन इंच रिकामा ठेवायचा, माती ठोकून बसवायची नाही, पाण्यानेच बसू द्यायची. आठ-दहा दिवस सावली, आणि महिनाभर खत अजिबात नाही.

मग काहीच झालं नाही. एक आठवडा, दोन आठवडे. दोन फुटांच्या काड्या आणि त्यांवरची उरलीसुरली पानंही गळाली. मी मनातल्या मनात दुसरं रोप मागवून ठेवलं होतं. बाबा रोज सकाळी जाऊन काडीवर नखाने बारीक ओरखडा काढायचे. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी तर संपली. "हिरवं हाय," एवढंच सांगायचे आणि चहाला यायचे. अठराव्या दिवशी एका पेऱ्यावर लालसर टोक दिसलं. नंतर भराभर सुटली. ऑगस्टच्या शेवटी पहिला झुपका आला, छोटासाच.

वेलीने हात बरा झाला वगैरे मी म्हणत नाहीये हं. चहाचा कप अजून डाव्याच हातात असतो. चेंडू मात्र टीव्हीच्या मागून निघाला, कुणी काढला ते मी विचारलं नाही.

गणपतीला बाबा कराडला परत गेले. आता रात्री फोन येतो. पहिला प्रश्न माझ्या जेवणाचा नसतो.

"पाणी खालनं येतंय का?"

"येतंय बाबा. पण सावकाश."

"किती वेळानं?"

मोजून सांगावं लागतं. चला, पाणी घालायची वेळ झाली. भेटू पुढच्या भागात.