मुलाखत : विचारण्याची आणि ऐकण्याची कला

(मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)





आपल्या मंडळाने वस्तीतील वयोवृद्ध मंडळींच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करण्याचे ठरविले आहे. त्यानिमित्त रेडिओवरील मुलाखतीच्या कलेविषयी चार शब्द सांगावेत, अशी आम्हांस सूचना झाली. आम्ही आकाशवाणीचे अधिकारी नाही. पण लहानपणापासून रेडिओला कान लावून बसणारे श्रोते आहोत, आणि मुलाखत कुठे रंगली व कुठे फसली हे श्रोत्याला सर्वांत आधी कळते.

प्रथम एक उदाहरण घेऊ. १९५५ साली बी.बी.सी.च्या फ्रान्सिस वॉटसन यांनी गांधीजींवरील रेडिओ कार्यक्रमासाठी बाबासाहेबांची मुलाखत घेतली. ती आजही ऐकावयास मिळते. विचारणारा थोडक्यात विचारतो आणि बाजूला होतो. बाबासाहेब मात्र सविस्तर बोलतात. आपण गांधीजींना विरोधक म्हणून भेटलो, म्हणून भक्तांना जे दिसले नाही ते आपल्याला दिसले, असे ते स्पष्ट सांगतात. त्यांचे ग्रंथ आपल्या घरोघरी आहेत. पण ते शब्दांवर कुठे जोर देत, कुठे थांबत, हे ग्रंथात सापडत नाही. कुणीतरी प्रश्न विचारला आणि यंत्र चालू ठेवले म्हणून तो आवाज आपल्यापर्यंत पोहोचला.

प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्या धम्मात जुनीच आहे. ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथच राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांचा आहे. चर्चा सुरू होण्यापूर्वी नागसेन राजाला अट घालतात : विद्वान बोलतात तसे बोलणार असाल तर बोलू, राजे बोलतात तसे बोलणार असाल तर नाही. विद्वान चुकीचे ते दाखवितो, पण रागावत नाही. राजा मात्र विरोध झाला की दंड करतो. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनाचे नाव दिले, ते उगीच नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या हाती माइक असतो. त्या माइकचा राजदंड होऊ देता कामा नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट पूर्वतयारीची. ज्यांच्याकडे जायचे त्यांचे गाव कोणते, ते मुंबईला केव्हा आले, गिरणीत होते की गोदीत की रेल्वेत, याची माहिती आधी घ्यावी. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, काळारामाचा १९३० चा, नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, एवढे तरी आपल्याला तोंडपाठ हवे. म्हणजे कोण डोळ्यांनी पाहिलेले सांगतो आणि कोण वडिलांकडून ऐकलेले सांगतो, हे आपल्याला ओळखता येईल. दोन्ही मोलाचे आहे, फक्त दोन्हींची सरमिसळ होऊ नये.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या घडणीची. ‘दीक्षेच्या वेळी तुम्हांला फार आनंद झाला असेल, नाही का?’ असे विचारले की आजीबाई ‘हो’ म्हणतील आणि गप्प बसतील. उत्तर आपणच दिले, त्यांनी फक्त मान डोलावली. त्याऐवजी ‘आजी, नागपूरला कशा गेलात? सोबत कोण होतं? शिदोरी काय घेतली होती?’ असे विचारावे. तेही एकेक करून. आधी लहान प्रश्न, मग मोठा. माणूस भाकरी-चटणीपासून बोलू लागला की बावीस प्रतिज्ञांपर्यंत आपोआप येतो.

तिसरी गोष्ट, रेडिओला डोळे नाहीत. आजोबा हात पसरून ‘एवढा मोठा मंडप होता’ म्हणतील, तेव्हा ‘आपल्या या गल्लीएवढा का?’ असे आपण विचारले पाहिजे. त्यांनी फोटो दाखविला, तर त्यात काय आहे ते त्यांनाच सांगावयास लावावे. बोलणे चालू असताना ‘हं, हं’ करू नये. मान हलवावी, तेवढे पुरते. पंखा बंद, कुकर बंद, मोबाइलची घंटी बंद. यंत्र बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावे. आणि त्यांची वऱ्हाडी वा कोकणी बोली जशी आहे तशीच राहू द्यावी. तिला पुस्तकी मराठीचा कोट चढवू नये.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड : गप्प बसणे. म्हातारे माणूस बोलता बोलता थांबते, तेव्हा आपल्याला घाई होते आणि आपण पुढचा प्रश्न टाकतो. पण पुष्कळदा खरी आठवण त्या थांबण्याच्या पलीकडे असते. थोडा धीर धरावा.

मात्र धीर धरणे वेगळे आणि जखम उकरणे वेगळे. भगवान बुद्धांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहींना सरळ उत्तर द्यावे, काहींना फोड करून, काहींना उलट प्रश्न विचारून, आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत. आपल्या वडीलधाऱ्यांनी पाणवठ्यावर, शाळेच्या दाराबाहेर जे सोसले ते सांगताना एखादी आजी ‘जाऊ दे बाबा’ म्हणाली, तर तो प्रश्न बाजूला ठेवण्याचा आहे. तिचे रडणे हा आपल्या कार्यक्रमाचा माल नव्हे. तिची परवानगी आधी घ्यावी, ध्वनिमुद्रण तिला ऐकवावे, आणि ती नको म्हणेल ते काढून टाकावे. काटछाट करताना अर्थ मात्र बदलू नये.

हे काम होण्यासारखे आहे काय? होण्यासारखे आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, विचारून, ऐकून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. त्या विचारावयास गेल्या नसत्या, तर त्यातल्या कितीतरी बायांचे बोलणे त्यांच्याबरोबरच गेले असते.

मित्रांनो, १९५६ साली जे मूल दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहे. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती विचारणाऱ्याची. अनित्यता आपण वंदनेत शिकतो, ती या कामात ध्यानी ठेवू. येत्या रविवारी प्रत्येकाने एका घरी जावे, ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीस नाव, गाव आणि तारीख बोलावी, आणि मग ऐकत बसावे.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!