धान्य वाढलं, पण कशामुळे?

आजचा भाग छोटा आहे, पण थोडं गणित आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, कुठलाही आकडा वाढला की तो फोडून बघितल्याशिवाय राहवत नाही.

१९५०-५१ मध्ये देशात अन्नधान्याखाली सुमारे ९.७ कोटी हेक्टर जमीन होती. हेक्टरी ५२२ किलो पिकायचं, म्हणजे एकूण साधारण ५.१ कोटी टन. २०१०-११ मध्ये क्षेत्र १२.७ कोटी हेक्टर, हेक्टरी १,९३० किलो आणि एकूण २४.४ कोटी टन. आता समजा, जमीन वाढली पण उत्पादकता तीच राहिली, तर वाढ फक्त दीड कोटी टनांची. जमीन तेवढीच ठेवून उत्पादकता वाढवली, तर १३.७ कोटी. उरलेली चार कोटींची वाढ दोन्ही एकत्र वाढल्यामुळे.

देशाचं ठीक आहे. जिल्ह्याकडे आलात की तिसरी गोष्ट मध्ये घुसते, ती म्हणजे पीकरचना. मिन्हास आणि वैद्यनाथन यांनी १९६५ मध्येच तिचा वेगळा हिस्सा काढून दाखवला होता. आणि त्यांनी एकेक साल नाही घेतलं, तीन-तीन वर्षांच्या सरासऱ्या घेतल्या. हे फार महत्त्वाचं. दुष्काळाचं साल पायाला धरलं, तर कुठल्याही योजनेचं यश दाखवता येतं!

एक काल्पनिक गाव घ्या. ६० हेक्टर ज्वारी, हेक्टरी ८ क्विंटल. ४० हेक्टर गहू, हेक्टरी २०. एकूण १,२८० क्विंटल, सरासरी १२.८. आता २० हेक्टर ज्वारी मोडून तिथे ऊस लावला. धान्य उरलं १,१२० क्विंटल, पण सरासरी झाली १४! कुणाच्याही शेतात एक दाणा जास्त पिकला नाही, धान्य उलट घटलं, आणि अहवालात 'उत्पादकता वाढली' असं छापून येणार.

आपल्याकडे ज्वारीचं काहीसं असंच आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित वाण आला आणि खरिपाच्या ज्वारीची उत्पादकता खरंच वाढली. पण काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडतो, मग भाव पडतो. पुढे विदर्भ-मराठवाड्यात त्यातली बरीच जमीन सोयाबीनकडे गेली. सोयाबीन गळीतधान्यात मोजतात, त्यामुळे अन्नधान्याच्या तक्त्यातून ती जमीनच गायब. रब्बीत मात्र अजून मालदांडीच चालते, कारण भाकरी तिचीच लागते. संकरित वाणांना तिथे तसं यश मिळालं नाही.

म्हणून कुणी विभागाची उत्पादकता सांगितली की मी आधी विचारतो, कुठलं पीक किती हेक्टरांवर होतं आणि आता किती आहे? आणि ज्वारीबरोबर गेलेला कडबा? तो अन्नधान्याच्या आकड्यात कधी धरलेलाच नव्हता. तो कमी झाल्याचं कळतं ते गोठ्यात.