वस्तूंचे जतन आणि हातांचा विसर



शहरातील हॉटेलांच्या दाराशी आणि सुखवस्तूंच्या अंगणात हल्ली जाते दिसू लागले आहे. त्यावर कुठे पितळी घंगाळ ठेवलेले असते, कुठे फुलझाडाची कुंडी. एवढ्याने परंपरा जतन झाली, असे समाधान मानणारा एक वर्ग तयार झाला आहे. परंतु जाते हे यंत्र आहे. यंत्र जतन करावयाचे तर त्याची रचना, ते चालविण्याची रीत आणि ते दुरुस्त करणारे हात, या तिहींचा विचार करावा लागतो. अंगणातल्या जात्यापाशी यातले काहीच उरलेले नसते.

खालची तळी स्थिर, तिच्या मधोमध खुंटी. वरची तळी त्या खुंटीवर फिरते आणि कडेच्या उभ्या खुंट्याला धरून ती ओढावयाची. वर्णन इतके सोपे आहे. दळण तितके सोपे नाही. वैरण जास्त पडली की पीठ जाडसर येते; कमी पडली की दगडावर दगड घासून पिठात कच येते. डाळ भरडावयाची असेल तर खुंटीला चिंधी गुंडाळून वरची तळी किंचित उचलून घ्यावयाची. ती किती उचलावी, याचे माप बोटांना ठाऊक असे. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनी हे ज्ञान सांभाळले आणि लेकीसुनांच्या हाती दिले. ते शास्त्र आहे, असे मात्र कोणी म्हटले नाही.

जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण सर्वांना प्रिय आहे. ओवी सुचे ती पहाटेच्या अंधारात, दिवसभराच्या कष्टाआधीच्या कष्टात, हे त्या म्हणीत येत नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि गाणाऱ्या स्त्रियांची व गावांची नावे टिपून ठेवली. हे ऋण मोठे आहे. विजेची गिरणी गावात आली आणि ते कष्ट सरले, याबद्दल समतेची चाड असलेल्या कोणासही खंत वाटण्याचे कारण नाही. बाईला पुन्हा जात्याला जुंपणे म्हणजे संस्कृतिरक्षण, असे जो मानतो त्याने आधी स्वतः महिनाभर पायलीभर ज्वारी रोज दळून पाहावी.

पण या कथेत आणखी एक माणूस आहे, आणि त्याच्याकडे अभ्यासकांचेही लक्ष क्वचितच गेले. जाते वापराने गुळगुळीत होते. मग दाणा चिरडत नाही, नुसता घसरतो. अशा तळीला छिन्नीने पुन्हा खरवड आणावी लागते. तिलाच टाकी लावणे म्हणतात. ठोका हलका पडला तर उपयोग नाही, जड पडला तर तळी दुभंगते. काळ्या पाषाणाची नस ओळखणारे हे काम करीत दारोदार फिरणारे ते टकारी. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे प्रवचनांतून ऐकविणाऱ्या समाजाने ती टाकी धरणाऱ्याला काय दिले? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर नेली. दगड फोडणारे वडार आणि टाकी लावणारे टकारी यांच्यावर जन्मजात गुन्हेगार हा शिक्का बसला. ज्याच्या टाकीवाचून घरचे पीठ होत नसे, त्याने पोलिसांपुढे हजेरी द्यावयाची, असा तो न्याय होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि हे समाज विमुक्त म्हणविले जाऊ लागले. कागदावरचा शिक्का पुसला. लोकांच्या मनातला पुसला गेला नाही.

ज्या गिरणीने बाईच्या खांद्यावरचा भार उतरविला, तिनेच टकाऱ्याच्या पोटावर घाला घातला. गिरणीच्या दगडांनाही टाकी लागते, हे खरे. पण शेकडो जात्यांच्या जागी गावात एक गिरणी उरली, तेव्हा किती हातांना काम मिळणार? यात दोष यंत्राचा नाही. यंत्राने मोकळ्या केलेल्या हातांना दुसरे मानाचे काम देणे ही समाजाची जबाबदारी होती. ती कोणी घेतली नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्य वेचून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी गोळा केली. राजा केळकर संग्रहालय नसते तर या वस्तू मोडीत गेल्या असत्या. वर्ध्याला १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले. त्यामागची दृष्टी अधिक पुढची होती: ग्रामोद्योगाचे साधन नुसते पाहावयाचे नाही, ते सुधारावयाचे. मगनवाडीत तेलघाणीचा अभ्यास झाला आणि सुधारलेली घाणी तयार झाली. जतनाचा खरा मार्ग हाच आहे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात घरगुती आणि कारागिरी तंत्रांची नोंद व्हावी; ती वस्तूंची नसावी, रीतींची असावी आणि सांगणाऱ्याच्या नावानिशी असावी. वृद्ध पाथरवट, टकारी, बुरूड, कुंभार यांना शाळांतून आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिक्षक म्हणून बोलवावे आणि शिक्षकाचे मानधन द्यावे. कारागिराच्या मुलाने तोच धंदा करावा, अशी सक्ती मात्र कोणाचीही नसावी. कोणाच्याही मुलीने टाकी हाती धरावी आणि टकाऱ्याच्या मुलीने इंजिनिअर व्हावे. ज्ञान सर्वांचे व्हावे आणि जातीचे बंधन गळून पडावे, या अटीवरच परंपरेचे जतन समाजवाद्यांना मान्य होऊ शकते.

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असे लोक म्हणत आले. जाते घडविणारा आणि त्याला टाकी लावणारा मात्र जात्यातही नव्हता आणि सुपातही नव्हता; तो उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याला आत बोलावून त्याचे नाव विचारणे, हे या कामातले पहिले पाऊल आहे.