नववीत पोट का दुखतं?



पोरांच्या मनावर बोलायला तुम्ही मला उभं केलंय. मन ही फ्लॅटवाल्यांची चैन, आपल्याला आधी पोट, असं आपल्यातलेच काही म्हणतात. ठीक. पण ज्याचं पोट रोज सकाळी शाळेच्या वक्ताला दुखतं आणि रविवारी बिलकुल दुखत नाही, त्या पोराच्या पोटाचं काय करायचं?

मी गोवंडीच्या वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतो. पोरगं महापालिकेच्या शाळेत असतं तेव्हा वर्गात सगळी वस्तीच बसलेली असते. बाप कुठल्या नाक्यावर कामासाठी उभा राहतो, तेही बाईंना ठाऊक. पण महापालिकेच्या पुष्कळ शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढं लाईनीपलीकडचं खाजगी हायस्कूल. दर तासाला नवा मास्तर. पोराचं नाव कुणाला माहीत नाही, जात मात्र पहिल्याच दिवशी माहीत होते, कारण शाळा सोडल्याचा दाखला घेऊनच ते आत शिरतं आणि दाखल्यावर जातीचा रकाना असतो.

मग शिष्यवृत्तीचे फॉर्म येतात. सर भरवर्गात म्हणतात, ‘एस्सीवाले उभे राहा.’ वय १३-१४. मिसरूड फुटतंय, आवाज फुटतोय. सगळं जग आपल्याकडंच बघतंय असं वाटायचं हे वय, आणि इथं सालं साठ पोरं खरोखरच वळून बघतात! ‘पानी’ म्हटलं की हसतात. १४ एप्रिलला स्टेजवर धडाधड भाषण ठोकणारं पोरगं दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नाही. शाळा शेरा मारते : अबोल, लक्ष नाही.

आता म्हणे समुपदेशक आणा. आणा ना. पण उभं करणारा मास्तर तसाच ठेवून पोरालाच श्वास मोजायला शिकवणार असाल, तर तो उपचार नव्हे, सारवासारव आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं कलम १७ मध्ये मुलांच्या मानसिक छळाला बंदी घातली. पण तो कायदा १४ वर्षांपर्यंतचा, आठवीपर्यंतचा. शाळा बदलते तिथंच कायदा हात सोडतो.

आणि आपण? साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब कोपऱ्यात गोणपाटावर बसले. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलात त्यांना फळ्याकडं बोलावलं, तर फळ्यामागचे डबे हलवायला पोरं धावली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, हे आपण छाती फुगवून सांगतो. पण डबे हलले तेव्हा त्या पोराच्या आत काय हललं? घरात पोरगं रडलं की आपणच सुनावतो, ‘बाबासाहेबांनी एवढं सोसलं, तुला काय झालं?’ अरे, पुढच्यांना सोसायला लागू नये म्हणूनच तर ते लढले!

२०१६ साली रोहित वेमुला गेला, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. नववीतून गळालेल्या पोरासाठी मोर्चा निघत नाही. ते बापाशेजारी नाक्यावर उभं राहतं आणि आपण म्हणतो, त्याला शिकायचंच नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडतील. एकेकानं वस्तीतली पाच पोरं वाटून घ्यायची. पहिल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर शाळेत जायचं. फॉर्म ऑफिसात द्या, वर्गात कुणाला उभं करू नका, हे हेडमास्तरांना लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. पोरगं झोपत नसेल, जेवत नसेल, मरायची भाषा करत असेल, तर अंगारे-धुपारे नकोत. सायनला, केईएमला मानसोपचाराची ओपीडी आहे. टेलिमानसचा सरकारी नंबर १४४१६, फुकट आहे. बरोबर जा, रांगेत थांबा.

वही फिरवतोय. नाव आणि कुठल्या शाळेत जाणार, दोन्ही लिहा.