ओल टिकली, तरच शेती टिकेल



महाभारताच्या सभापर्वात नारदमुनी युधिष्ठिराला राज्यकारभाराविषयी अनेक प्रश्न विचारतात. त्यांत एक प्रश्न शेतीचा आहे : राज्यात भरलेले तलाव आहेत ना, शेती केवळ पावसावर विसंबून नाही ना? पं. दीनदयाळ उपाध्याय यांनीही आपल्या अर्थचिंतनात याच ‘अदेवमातृका कृषी’चा आग्रह धरला. या विचाराची खरी कसोटी थरच्या वाळवंटात लागते.

जैसलमेर परिसरात वर्षाकाठी सरासरी सुमारे २०० मिलिमीटरच पाऊस पडतो. वाळूचे कण मोठे, त्यांमधील पोकळ्याही मोठ्या. त्यामुळे पाणी मुळांशी न थांबता खाली निघून जाते. राजस्थानात भूजलाचा उपसा वार्षिक उपसायोग्य भूजलाच्या सुमारे दीडपट झाला आहे. अशा वेळी पडलेले पाणी मातीतच धरून ठेवणे, हाच मार्ग उरतो.

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘पुसा हायड्रोजेल’ हे त्या दिशेचे स्वदेशी पाऊल होय. सेल्युलोजवर आधारलेले हे दाणे शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या किमान ३५० पट पाणी शोषतात आणि माती सुकू लागली की ते मुळांना हळूहळू देतात. पेरणीच्या वेळी हेक्टरी अडीच ते पाच किलो मात्रा मुळांच्या थरात द्यावयाची असते.

मात्र हिशेबही पाहिला पाहिजे. पाच किलो जेल एका वेळी सुमारे १,७५० लिटर पाणी धरील. एक मिलिमीटर पाऊस हेक्टरी १०,००० लिटर पाणी देतो. शिवाय खाऱ्या पाण्यात जेलची शोषणक्षमता घटते आणि पश्चिम राजस्थानात अनेक ठिकाणी भूजल खारेच आहे. म्हणून जेल हे साहाय्यक ठरते, आधार नव्हे.

आधार कोणता, हे पालीवाल ब्राह्मणांनी शतकांपूर्वीच दाखवून दिले. खडकाळ उतारावरचे पाणी मातीच्या बांधाने अडवावयाचे, त्यासोबत वाहून आलेला गाळ साचू द्यावयाचा आणि पाणी जिरल्यावर त्या ओलीवर गहू-हरभरा पिकवावयाचा, ही त्यांची ‘खडीन’ पद्धती. बारीक गाळ वाळूत मिसळला की तीच वाळू पाणी धरू लागते. शेणखताने ती शक्ती आणखी वाढते.

प्रथम बांध, मग गाळ व शेणखत आणि त्यानंतर जेल, हा क्रम सांभाळावा. जेलसाठी कर्ज काढण्यापूर्वी शेतकऱ्याने एका वाफ्यात त्याची परीक्षा घ्यावी आणि ग्रामविकासाच्या कार्यकर्त्यांनी त्या वाफ्याची नोंद ठेवावी. परंपरेचा अनुभव आणि प्रयोगशाळेचे ज्ञान यांची सांगड अशीच शेताच्या बांधावर पडते.