फी एकाची, डाव घराचा
(कराड येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आज मी पत्त्यांवर बोलणार आहे. हसू नका. तीन पत्तीचा अड्डा आपल्या ओळखीचा आहे. तिथं कोण बसतो, किती हरतो, हे गावाला माहीत असतं. मोबाईलवरच्या पोकरचं तसं नाही. माणूस घरातच अंथरुणावर पडून खेळतो आणि घराला पत्ता लागत नाही.

शिवाय तो याला जुगार म्हणत नाही, ‘स्पर्धा’ म्हणतो. कुस्तीची असते तशी. मग ही स्पर्धा चालते कशी ते बघू. २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ ही जागतिक मालिका इंटरनेटवर भरली. मुख्य स्पर्धेची फी ५,००० डॉलर, म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त रुपये. प्रवेश ५,८०२. पहिल्याला सुमारे ३९ लाख डॉलर मिळाले. बातमीत एवढंच येतं. पण प्रत्येक फीतले ४,७५० डॉलरच बक्षिसांत गेले. २५० डॉलर खेळ चालवणाऱ्यांचे. गुणाकार करा. साडेचौदा लाख डॉलर झाले, एकही पत्ता हातात न धरता!

एवढी फी आपल्याकडचा पोरगा कुठून भरणार? त्याच्यासाठी खाली पायऱ्या असतात. थोड्या पैशांची पात्रता फेरी जिंकली, की वरच्या स्पर्धेचं तिकीट. हरला, की पुष्कळ ठिकाणी पुन्हा फी भरून पुन्हा आत. ‘एकदाच शंभर रुपये’ असं सुरू झालेलं असं वाढत जातं.

‘पोकर कौशल्याचा खेळ आहे,’ असं सांगतात. कौशल्य लागतंच. २०१८ साली निकिता लूथर या भारतीय बाईने जोडीदारासह याच जागतिक मालिकेतली एक स्पर्धा जिंकली. बाईने पत्ते खेळू नयेत, असं माझं म्हणणं नाही. पण बक्षिसं थोड्यांनाच मिळणार आणि बाकीच्यांची फी जाणार, ही स्पर्धेची रचनाच आहे. सगळे कुशल झाले तरी ती बदलत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. पैसे कुणाचे? उसाचं बिल दोघांच्या घामाचं. बचत गटाचं कर्ज तिच्या नावावर. डोरलं तिचं. पणाला लावताना तिला विचारलं होतं का? द्रौपदीने भर सभेत हाच हक्काचा प्रश्न केला होता. सभेने त्याचा निकाल दिला नाही.

दारूच्या दुकानाविरुद्ध आपल्याला रस्ता आहे. २५ टक्के स्त्री मतदारांच्या सह्या, मग मतदान, मग आडवी बाटली. मोबाईलला शटर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य की नशीब, हा भेद त्यात नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, हेही ध्यानात ठेवा. आपल्या कामाची गोष्ट अशी, की या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ‘बोलले तर नवरा आत जाईल,’ या भीतीने गप्प बसू नका.

पण कायद्याने झालेलं कर्ज फिटत नाही. त्यासाठी आपल्या हातात दुसरी साधनं आहेत. स्त्रीधन बाईचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हीसुद्धा हिंसा आहे. घरातल्या वस्तू, दागिने विकायला आणि बँकेतलं खातं वापरायला न्यायालय मनाई करू शकतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एक विषय घ्या. आपल्या नावावर कुठलं कर्ज आहे, ते पैसे कुठं गेले, पासबुक कुणाकडे आहे, हे प्रत्येकीने सांगायचं. लाज हरणाऱ्याच्या बायकोने का बाळगायची? ज्या डावात आपल्याला पत्ते वाटलेच नव्हते, त्याची फी आपण मुकाट्याने भरायची नाही.