निरोप समारंभातील दहावीच्या वर्गाचे मनोगत



आम्ही सोलापूरच्या कामगार वस्तीतील दहावीचे विद्यार्थी. आज मागे वळून पाहताना आम्हाला प्रथम दिसतात त्या वर्गातील रिकाम्या जागा. आठवीनंतर कुणी यंत्रमागावर गेला, कुणी आईसोबत विड्या वळू लागली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयापर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. पुढचे मात्र घरच्या परिस्थितीवर राहिले.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा मुंबईत सत्कारसभा भरली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. शिकणाऱ्या मुलाच्या पाठीवर वेळीच पडलेल्या थापेचे मोल आपण सर्व जाणतो.

म्हणून नम्र विनंती की, आमच्या कौतुकाबरोबरच शाळा सुटलेल्यांच्या घरीही जावे. सतरा नंबरचा अर्ज भरून त्यांना बाहेरून दहावीला बसता येते. मात्र अर्जाची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधीच संपते. वडीलधाऱ्यांनी आईवडिलांची समजूत घालावी व फीची तजवीज करावी. अभ्यास आम्ही घेऊ. आमची पुस्तके त्यांच्यासाठी बांधून ठेवली आहेत.